एकसष्ट प्रश्नचिन्हं

पिंकी : दादा, मी एवढंच विचारतेय. माझी प्रश्नचिन्हं कुठे गेली?

संघर्ष : कसली प्रश्नचिन्हं?

पिंकी : प्रबंधातली. शेवटी जोडलेल्या यादीत क्रियापदांपुढे होती ती. एकसष्ट होती. लाल पेनाने काढली होती मी त्या त्या शब्दाच्या कार्डावर. दिसलीच नाहीत असं तरी म्हणू नकोस.

संघर्ष : दिसली ना. दिसली म्हणून तर क्लिअर केली.

पिंकी : क्लिअर केली म्हणजे काय केलं?

संघर्ष : तू आधी बस बरं त्या बाकावर. मावशी, दोन कटिंग. एकात साखर कमी. ही माझी बहीण. पुण्याला असते, पीएचडी करते. एवढ्या उन्हाची निगडीवरून महाळुंग्याला कशाला आलीस? फोन करायचास.

पिंकी : आठ केले.

गिरजाबाई : त्यो फोन उचलतच न्हाई कुनाचा. बस पोरी. बाक पुसून घे, सिमिटाची धूळ येती दिसभर.

पिंकी : दादा, मी विचारलं त्याचं सांग.

संघर्ष : सांगतो की. आमच्याकडे तीन पेट्या असतात. हिरवी, लाल, पिवळी. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार. ज्या पार्टचं नक्की सांगता येत नाही तो पिवळीत. होल्ड. पण शनिवारी पाचच्या आत पिवळी पेटी रिकामी झाली पाहिजे. एक तर पास कर, नाही तर फेकून दे. ऑडिटवाला आला आणि त्याला पिवळीत माल दिसला, की पहिला सवाल तोच असतो, हे अजून इथे कशाला? तुझी यादी टाइप करायला बसलो तर एकशे अठरातले एकसष्ट होल्डवर! म्हटलं, हिला परीक्षक फाडून खातील. निम्म्यावर माल पेंडिंग.

पिंकी : ते पेंडिंग नव्हतं. तेच उत्तर होतं. ‘माहीत नाही’ हेच माझं उत्तर होतं दादा.

संघर्ष : असं कुठं उत्तर असतं का? माहीत नाही म्हणायला सहा वर्षं लागतात?

पिंकी : हो. लागतात.

गिरजाबाई : कशाची यादी म्हनायची ही? किरानाची तर दिसत न्हाई.

पिंकी : एका भाषेची आहे मावशी. लिडियन म्हणतात. तिकडे तुर्कस्तानात बोलायचे, अडीच हजार वर्षांपूर्वी. आता कोणी बोलत नाही. शे-सव्वाशे लेख उरलेत दगडांवर, तेही पुष्कळसे फुटके. त्यावरून ती वाचायची. मी त्यातल्या क्रियापदांचा अभ्यास करते. म्हणजे माणसं काय करत होती, ते शब्द. केलं, दिलं, बांधलं, मोडलं.

गिरजाबाई : म्हंजी बोलनारा एक बी जित्ता न्हाई?

पिंकी : नाही.

गिरजाबाई : मग चुकलं तर तक्रार कोन करतंय?

पिंकी : परीक्षक करतात ना. त्यांनीच केलीय. म्हणून तर आलेय मी.

संघर्ष : परत पाठवला का प्रबंध?

पिंकी : परत पाठवला असता तर बरं होतं, दुरुस्त करून दिला असता. त्यांनी विचारलंय, उमेदवाराने हा खोटेपणा केला की कोणी करून दिला? तू एकसष्टातली सत्तेचाळीस पास केलीस. बरोबर?

संघर्ष : सत्तेचाळीस पास, चौदा भंगार. चौदांना काही आधारच दिसेना, अर्धी अक्षरं फुटलेली. ती यादीतूनच काढली.

पिंकी : आणि सत्तेचाळीस कशावरून पास केलीस?

संघर्ष : तू कार्डावर अर्थ लिहिले होतेस ना, एक, दोन, तीन. त्यातला एक नंबरचा घेतला. म्हटलं, जो आधी लिहिला तो हिच्या मनातला.

पिंकी : एक नंबरला जुना अर्थ होता दादा! आधीच्या लोकांनी लावलेला. तो कसा टिकत नाही हे सांगायला मी अख्खं चौथं प्रकरण लिहिलं. आणि शेवटच्या यादीत तोच, एकदम ठाम, सत्तेचाळीस वेळा. परीक्षकांनी एका वाक्यात लिहून पाठवलं, या उमेदवाराच्या यादीचा या उमेदवाराच्या प्रबंधावर विश्वास नाही.

संघर्ष : मला काय माहीत एक नंबर जुना असतो. आमच्याकडे एक नंबर म्हणजे एक नंबर.

पिंकी : विचारायचंस मला.

संघर्ष : कुणाला विचारू? तू आईपाशी होतीस हॉस्पिटलात, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. नऊ दिवस. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. तूच म्हणालीस, दादा, कार्डं घे आणि टाइप करून टाक, माझं डोकं चालत नाही. मी पहिली शिफ्ट करून घरी जायचो आणि बसायचो. ती उलटीसुलटी अक्षरं शोधून शोधून घालायचो. एक स्पेलिंग चुकवलंय का? सांग, एक तरी?

पिंकी : नाही. एकही नाही.

संघर्ष : मग!

गिरजाबाई : घ्या चा. काय लिवलंय म्हनं त्या दगडांवर?

पिंकी : पुष्कळसे थडग्यांवरचे आहेत मावशी. हे थडगं अमक्याचं, आणि जो कोणी याची मोडतोड करील त्याचं देव वाटोळं करो.

गिरजाबाई : आनि?

पिंकी : आणि पुढचं नीट कळत नाही. मोडणं, वाटोळं करणं, ही पक्की कळतात, कारण ती दगडादगडावर पुन्हा पुन्हा येतात. माणूस जिवंतपणी काय करायचा, त्याचे शब्द एकदाच कुठेतरी येतात. त्यांच्यापुढेच माझी प्रश्नचिन्हं जास्त होती.

गिरजाबाई : आमच्या बी सासऱ्याची समादी व्हती. ती बग, कंपनीचा कंप्रेसर आवाज करतोय न्हवं, त्याच्या खाली. आमी काय लिवलं न्हवतं तिच्यावर. लिवाय पायजे व्हतं.

संघर्ष : मावशी, तुम्ही भजी बघा बरं, करपतील.

गिरजाबाई : बगते की. कान काय तेलात घातले न्हाईत मी.

संघर्ष : हे बघ पिंकी, झालं ते झालं. चूक झाली माझी. पण तुला एक विचारू का? तुला कोणी सांगितलं होतं असली भाषा घ्यायला? बाबा जाईपर्यंत विचारत होते, ही शिकतेय ते कुठे लागतं. वस्तीतली पोरं स्पर्धा परीक्षा देऊन चिकटली. रोहिदासचा मुलगा तलाठी झाला. आणि आपली पिंकी काय करते, तर मेलेल्या लोकांच्या थडग्यावरचे शाप वाचते. कोणी विचारलं की मी सांगायचो, संशोधन करते. पुढे काही विचारू नये म्हणून मोठ्याने सांगायचो.

पिंकी : तुला खरं सांगू का, का घेतली? एम.ए.ला संस्कृत होतं मला. वर्गात सगळ्यांच्या घरी ते कोणाच्या तरी आजोबांना पाठ. मी श्लोक म्हटला की मॅडम हसायच्या नाहीत, पण थांबायच्या. त्या थांबण्याची मला चीड यायची. मग आठ महिन्यांसाठी बाहेरच्या एका विद्यापीठात जायला मिळालं, तिथे ही लिडियन भेटली. तिथे जर्मन मुलगा अडखळत होता, इटलीची मुलगी अडखळत होती, मी पण अडखळत होते. कोणाच्याच आजोबांना येत नव्हती. सगळे एका रेषेवर उभे. असं मला आयुष्यात कुठेच भेटलं नव्हतं दादा, म्हणून घेतली.

संघर्ष : हे कधी बोलली नाहीस.

पिंकी : तू विचारलंसच नाहीस. तू सांगायचास, तेही मोठ्याने.

संघर्ष : बरं, आता काय म्हणतात ते?

पिंकी : मागच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. बाहेरचे परीक्षक नीट बोलले. इथले एक सर आहेत, ते म्हणाले, पहिल्या पिढीतल्या मुलांना निकालाची घाई असते, दोष त्यांचा नाही. सगळे खाली बघत होते. माझ्या गाइड मॅडम पण.

संघर्ष : आणि तू?

पिंकी : मी पण खालीच बघत होते.

संघर्ष : नाव काय त्या सराचं?

पिंकी : नाव घेऊन काय करणार आहेस? गेटवर जाऊन उभा राहशील? ते ऐकून घेतलं मी, सोड. मॅडमनी एक वाट काढलीय. ज्याने टाइप केलं त्याने लेखी द्यायचं की चूक माझी. मग ती टंकलेखनातली चूक धरतात आणि मला तीन महिन्यांत यादी दुरुस्त करून देता येते. आज पाचच्या आत पत्र पोचलं पाहिजे, नाही तर नोंदणी रद्द. मसुदा आणलाय. तू फक्त सही कर.

संघर्ष : दे. एवढंच ना? मला वाटलं काय नि काय.

गिरजाबाई : मोट्यानं वाच. न वाचता करू नगंस.

संघर्ष : वाचतो मावशी. ‘मी, संघर्ष भिवा,’ पुढे आडनाव, ‘वय अडतीस, राहणार तळेगाव दाभाडे, व्यवसाय गुणवत्ता निरीक्षक,’ कंपनीचं नाव पण घातलंय, ‘लिहून देतो की, माझ्या बहिणीच्या प्रबंधाचे परिशिष्ट मी टंकलिखित केले. ते करताना, कारखान्यातील कामाच्या सवयीनुसार, संशयास्पद नोंदी मी कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या अधिकारात निश्चित करून टाकल्या.’ स्वतःच्या अधिकारात! वा! हे कोणी लिहिलं?

पिंकी : मॅडमनी. का रे? हसतोस काय?

गिरजाबाई : ह्येच तर त्ये आत कंपनीतले बी लिवून मागत्यात.

संघर्ष : मावशी.

गिरजाबाई : मावशी काय मावशी? चार दिस झालं हितं बाकावर बसतोय. सकाळी कंपनीचा शर्ट घालून येतो, माज्याकडं डबा खातो, शिफ्ट सुटली की घरला जातो. बहिनीला तरी सांग.

पिंकी : दादा?

संघर्ष : चौकशी चाललीय. तोवर आत यायचं नाही.

पिंकी : कसली चौकशी?

संघर्ष : अडीचशे-तीनशे नग होल्डवर होते. गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसतो तो पार्ट. बारीक चीर असावी असा मला डाउट होता. चीर दाखवायचं मशिन बंद, स्पेअर आलेला नाही. मॅनेजर आला, म्हणाला, संघर्ष भाऊ, संध्याकाळी कस्टमरचं ऑडिट आहे, पिवळी पेटी मला रिकामी पाहिजे. तोंडी बोलला, लिहून नाही दिलं. मी पासचा शिक्का मारला.

पिंकी : मग?

संघर्ष : मग काय, कस्टमरच्या लाइनवर दोन नगांचे तुकडे झाले. कोणाला लागलं नाही, एवढं नशीब. आता त्यांना माझ्याकडून लेखी पाहिजे. स्वतःच्या अधिकारात केलं म्हणून. अगदी हेच शब्द, तुझ्या मॅडम आणि आमचा एचआर एकाच शाळेतले दिसतात. मी नाही म्हटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं. आज चारला पुन्हा बोलावलंय.

पिंकी : आईला माहितेय?

संघर्ष : तिला काय सांगू? काठी धरून ओट्यापाशी उभी राहते आणि डबा भरते.

पिंकी : म्हणजे तू तिथेही तेच केलंस.

संघर्ष : हो. तेच केलं. तिथे सांगितलं म्हणून करतो, तुझ्याकडे कोणी न सांगता केलं. हाताला वळण पडलंय, दुसरं काय. नको तिथे पण हात तसाच चालतो. मी काय नाकारत नाही. पण ही ओळ काढ पिंकी. ‘कारखान्यातील कामाच्या सवयीनुसार’ ही. हा कागद जर यांच्या हातात गेला ना, तर चारच्या चौकशीत मला बोलायला तोंड राहणार नाही. म्हणतील, हा तर घरी पण असंच करतो, याची स्वतःचीच सही आहे.

पिंकी : त्यांच्या हातात कसा जाईल?

संघर्ष : कंपनीचं नाव आहे, पद आहे. तुमच्या त्या समितीने एक फोन केला की झालं.

पिंकी : फोन करणार आहेत. खात्री करायला. मॅडम म्हणाल्या तसं.

संघर्ष : मग?

पिंकी : ती ओळ काढली तर पत्राला अर्थ राहत नाही दादा. नुसती टायपिंगची चूक एकसष्ट वेळा कशी होईल? कोणाला तरी तशी सवय आहे, हे सांगावंच लागतं. मी पण विचारलं होतं मॅडमना, ती ओळ नको म्हणून.

संघर्ष : माझ्यासाठी विचारलंस?

पिंकी : नाही. तेव्हा मला तुझं काही माहीत नव्हतं. वाक्य लांब होतंय म्हणून विचारलं.

गिरजाबाई : खरं बोलती, एवडं बरं हाय.

संघर्ष : बरं, ती राहू दे. खाली आणखी एक ओळ आहे. ‘छपाईपूर्वी सदर परिशिष्ट पाहण्यास उमेदवारास वेळ मिळाला नाही.’ ही पण मॅडमचीच का?

पिंकी : हो.

संघर्ष : त्यांना कोणी सांगितलं, वेळ मिळाला नाही म्हणून?

पिंकी : चहा गार होतोय तुझा.

संघर्ष : होऊ दे. नऊ जानेवारीला दुपारी मी तुला फाइल पाठवली. पाऊण तासाने तुझा मेसेज आला. ‘दादा, किती स्वच्छ दिसतंय रे. पहिल्यांदाच खरं पुस्तक वाटतंय.’ पाठ आहे मला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरांना दाखवला मी तो. म्हटलं, बघा, बहिणीचं पुस्तक मी पास केलंय. आणि आज तू येऊन मलाच विचारतेस, प्रश्नचिन्हं कुठे गेली?

पिंकी : दादा...

संघर्ष : बघितली होतीस की नाही यादी? हो की नाही, एवढंच सांग.

पिंकी : बघितली होती.

संघर्ष : सगळी?

पिंकी : पहिल्या पानावरच कळलं. हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते, आईला खाली एक्स-रेला नेलं होतं. वाटलं, लगेच तुला फोन करावा. मग पुन्हा वरून खाली बघितली. इतकी नीट दिसत होती! सहा वर्षं मी ज्या खोलीत जाते तिथे ‘कदाचित’ म्हणते, ‘बहुधा’ म्हणते. बाकीचे ठासून चुकीचं बोलतात आणि लोक मान डोलवतात. मी बरोबर असते आणि तरी मलाच विचारतात, तुम्हाला खात्री आहे का? मला वाटलं, राहू दे. कोण एवढी यादी वाचतंय? एकदा तरी माझं पण पक्कं दिसू दे.

गिरजाबाई : अगं बया!

संघर्ष : मग हे जाऊन सांग त्यांना. आत्ता मला सांगितलंस तसंच.

पिंकी : सांगितलं तर संपलं सगळं. जाणूनबुजून केलं असं होतं. नोंदणी रद्द, स्कॉलरशिपचं काम बंद, आणि ते सर पुढची वीस वर्षं हेच उदाहरण देत बसतील. आपल्यातली एखादी मुलगी त्या दारात गेली की माझंच नाव. तू टाइपिस्ट आहेस दादा, तू चुकलास तर माणूस चुकला. मी चुकले की सगळी वस्ती चुकते.

संघर्ष : आणि इथे? मी चुकलो की काय होतं इथे? आमच्या लाइनवर आपले किती आहेत माहितेय तुला? मी एक निरीक्षक, आणि एक झाडणारा. मी त्या कागदावर सही केली तर माझ्या जागी पुन्हा आपला माणूस घेतील?

पिंकी : मला ते कळतंय.

संघर्ष : नाही कळत. दहावीला मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. बाबांच्या कंपनीला टाळं लागलं म्हणून मी आयटीआयला गेलो, तू शाळेत राहिलीस. मी कधी बोललो का? आज बोलतोय. चार दिवस मी फक्त एका शब्दावर उभा आहे. नाही. एवढाच आहे माझ्याकडे. आणि तू तोच काढून न्यायला आलीस.

पिंकी : दादा, नोकरी तुझी तशीही जाणारच आहे.

गिरजाबाई : पोरी!

पिंकी : म्हणजे, मला तसं नव्हतं म्हणायचं.

संघर्ष : तसंच म्हणायचं होतं. आणि खरंच आहे ते. मशिन बंद होतं याचा कागद नाही, मॅनेजर बोलला याचा साक्षीदार नाही. मी पण काय, नाही नाही म्हणत बसलोय बाकावर. पेन दे.

पिंकी : थांब ना दादा. आपण मॅडमना फोन करू, ती ओळ थोडी वेगळी...

संघर्ष : किती वाजले?

पिंकी : पावणेतीन.

संघर्ष : बसने दोन तास धर. वेगळं काय करणार आहेस? पेन दे.

गिरजाबाई : ए, तू माजं ऐक. ह्या कंपनीला जमीन देताना म्या असाच आंगटा दिला हुता. वाचून दाखवलं त्यांनी, म्या मान हलवली. म्हनलं शिकल्याली मानसं हायेत, आपलं वाईट कशापायी करतील? कागदावर दुसरंच निगालं. तू तर वाचून, समजून करतुयास. शानपना हाय का ह्यो?

संघर्ष : शहाणपणा नाही मावशी. पण तुमच्यासमोर बाहेरची माणसं होती. माझ्यासमोर ही आहे.

गिरजाबाई : म्हनूनच तर लई लागतं.

(संघर्ष कागद बाकावर ठेवून सही करतो. पिंकी दुसरीकडे बघत उभी राहते.)

पिंकी : दादा, मी यादी नीट करीन. एक न् एक प्रश्नचिन्ह परत घालीन. आभारात तुझं नाव...

संघर्ष : नको.

पिंकी : का नको?

संघर्ष : एकदा घातलंय की तू माझं नाव. त्या पत्रात. पुरे झालं तेवढं.

पिंकी : तू रागावलास.

संघर्ष : हो, रागावलोय. फार रागावलोय. पण तू आत्ता नीघ, नाही तर हे पण फुकट जाईल. फाइलमध्ये ठेव ते, चुरगळेल. आणि आईला काही बोलू नकोस. तिला मीच सांगीन, एक-दोन दिवसांत.

पिंकी : चारला आत काय सांगशील?

संघर्ष : बघू. ते म्हणतील ते.

गिरजाबाई : पोरी, दोन भजी बांधून देऊ का? सकाळपासनं काय खाल्लेलं दिसत न्हाई.

पिंकी : नको मावशी.

संघर्ष : द्या तिला. आणि ऐक, तो मेसेज. उद्या कोणी माझा फोन मागितला तर त्यात नको असायला. हा बघ, मी काढला. तू पण तुझ्यातला काढून टाक.

पिंकी : हं.

संघर्ष : आत्ता काढ ना, माझ्यासमोर. नंतर विसरशील.

पिंकी : माझ्यातला नाहीये, दादा. मी मागच्या रविवारीच काढला.

संघर्ष : बरं. बस आली बघ. पुढच्या दाराने चढ, मागचं उघडत नाही.